खदानीआधीचा कागद

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एक जागतिक विक्रम झाला. ३ जूनला सकाळी सुरू झालेलं डांबरीकरण ७ जूनला संध्याकाळी थांबलं. तोवर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग अंथरून झाली होती. ७२० माणसं रात्रंदिवस राबली आणि कतारच्या नावावरचा विक्रम गिनीज बुकात वऱ्हाडच्या नावावर आला. त्या कामाचे आकडे सरकारने कौतुकाने जाहीर केले : ३६,६३४ टन मिश्रण, त्यात डांबर २,०७० टन. वजाबाकी केली तर ३४,५६४ टन उरतात. हा जवळपास सगळा दगड आहे, फोडलेला आणि चाळलेला. वऱ्हाडात त्याला गिट्टी म्हणतात. ही गिट्टी फक्त वरच्या थराची झाली. खालच्या थरांतली खडी आणि भरावाचा मुरूम या हिशेबात नाही.

विक्रमाच्या नोंदीत दगडाचं गाव नसतं. पण प्रत्येक टन गिट्टी कुठल्या तरी टेकडीची, कुठल्या तरी गट नंबरची असते. त्या गावाला खदान सुरू होण्याआधी काही विचारलं जातं का, विचारलं तर कोण विचारतं आणि उत्तराचं पुढे काय होतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी आकारमानाचा अंदाज घेऊ, कारण कायद्यातली सगळी भांडणं एका आकड्याभोवती फिरतात. तो आकडा म्हणजे ५ हेक्टर, साधारण साडेबारा एकर. वऱ्हाडात साडेबारा एकराच्या वावराचा मालक मोठा शेतकरी समजला जातो, पण खाणींच्या जगात इतकं क्षेत्र ‘लहान’ गणलं जातं. आता ही लहान खदान दहा मीटर खोल गेली असं धरा. पाच लाख घनमीटर दगड निघेल. आपला काळा दगड घनमीटरला २.८ टन धरला, तर तो चौदा लाख टन भरतो. विक्रमी रस्त्याच्या वरच्या थरासारखे चाळीस थर त्यात होतील. वीस टनी टिप्परने तो उचलायचा तर सत्तर हजार खेपा लागतील. दहा वर्षं, वर्षाला अडीचशे दिवस काम चाललं, तर रोज अठ्ठावीस भरलेले टिप्पर बाहेर पडणार आणि अठ्ठावीस रिकामे परत येणार. हे सगळं बहुधा बैलगाडीसाठी आखलेल्या पांदण रस्त्यावरून. ‘लहान’ खदानीचा अर्थ गावाला असा कळतो.

दगड कुठे, पाणी कुठे

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या नकाशावर उत्तरेला सातपुड्यातले गाविलगडचे डोंगर आहेत. दक्षिणेला पातूर-बार्शिटाकळीकडची अजिंठा रांगेची टेकाडं आहेत. मधे पूर्णा नदीचं खोरं आहे. दोन्ही बाजूंचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मधल्या खोऱ्यात मात्र हा दगड खाली खचला आहे आणि त्यावर पूर्णा व तिच्या उपनद्यांनी गाळाचे जाड थर भरले आहेत. त्यामुळे खोऱ्याच्या मध्यावर, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या बाजूला, विहीर खणताना कातळ लागत नाही. गिट्टीच्या खदानी जातात काठावरच्या टेकड्यांकडे, रेतीचे घाट राहतात नदीपात्रात.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक तिसरी पट्टी आहे आणि या प्रकरणात तीच सगळ्यात महत्त्वाची. डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या चंद्रभागा, सापन, शहानूर, वाण अशा नद्या सपाटीवर आल्या की त्यांचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेले गोटे, रेव, भरड वाळू त्या तिथेच टाकतात. हजारो वर्षं असं साचत जाऊन अचलपूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या भागात गोट्यांचा पट्टा तयार झाला. भूजलाचे जाणकार त्याला बझाडा म्हणतात. बांधकामाच्या नजरेने ही तयार भरड आहे, सुरुंग न लावता उचलता येणारी. भूजलाच्या नजरेने हे खोऱ्याचं तोंड आहे. डोंगराचं पाणी इथून जमिनीत शिरतं आणि खालच्या गावांच्या विहिरींना पुरतं.

खालची गावं म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून अंदाजे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा भाग. विहिरीचं पाणी मचूळ, काही ठिकाणी जनावरंही तोंड लावत नाहीत असं. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार तिथे पिढ्यानपिढ्या आहे. अशा मुलखात नदीतल्या रेतीत साठलेलं गोडं पाणी आणि वरून झिरपत येणारं डोंगराचं पाणी यांची किंमत ब्रासमध्ये करता येत नाही. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रेती, गिट्टी, मुरूम सगळं या मापात मोजतात आणि रॉयल्टीही त्यावरच भरतात.)

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचं पाणी कालव्यांनी आणून याच पायथ्याच्या पट्ट्यात जिरवायचं आणि जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीची भूजल पातळी वर आणायची, असा तिचा गाभा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून १९.३६ टीएमसी पाणी यायचं आहे. एक खातं ज्या गोट्यांमध्ये पाणी जिरवणार, तेच गोटे उचलायचे परवाने दुसरं खातं देतं. दोन्ही फायली एकाच जिल्हाधिकारी कार्यालयात असतात. त्या एकमेकींशी बोलतात का, हे तपासणं म्हणजेच खरं तर पर्यावरण आढावा.

कायदा कसा वाढला

गिट्टी, मुरूम, रेती, विटांची माती यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात. १९५७ च्या खाण कायद्याने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्रात सध्या २०१३ चे नियम लागू आहेत आणि चोरून उत्खनन झालं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. महसुलाच्या नजरेने ही चौकट पक्की आहे. तिच्यात पर्यावरण मात्र फार उशिरा शिरलं. पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ ची, आताची १४ सप्टेंबर २००६ ची. दोन्हींत ५ हेक्टरच्या आतल्या खाणी वगळलेल्या होत्या.

मग जे व्हायचं तेच झालं. हरियाणा सरकारने २०११ मध्ये पंचकुला भागात गोटे, खडी आणि रेतीचे लिलाव काढले ते साडेचार हेक्टरपर्यंतचे तुकडे पाडून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालात न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल. देशातली प्रत्येक लहान खदान त्या दिवशी पर्यावरण कायद्याच्या कक्षेत आली.

आता एवढे अर्ज तपासायचे कुणी? केंद्राने १५ जानेवारी २०१६ रोजी उत्तर काढलं : जिल्हा. प्रत्येक जिल्ह्यात एक पर्यावरण आघात प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत उपविभागीय अधिकारी, ज्येष्ठ विभागीय वनाधिकारी आणि एक तज्ज्ञ. त्यांना सल्ला द्यायला जिल्ह्याची तज्ज्ञ समिती, तिचे अध्यक्ष पाटबंधारे खात्याचे ज्येष्ठ कार्यकारी अभियंता. निर्णय गावाजवळ आला, हे कागदावर तरी चांगलं होतं. अडचण अशी की जिल्हाधिकारीच गौण खनिजाची रॉयल्टी वसूल करतात, त्याचं वार्षिक उद्दिष्ट त्यांच्यावर असतं आणि परवान्याची फाईलही त्यांच्याच सहीने पुढे जाते. वर्षभर उद्दिष्ट गाठायला सांगितलेल्या माणसाने ‘ही खदान नको’ म्हणावं, ही अपेक्षा व्यवस्थेने करू नये. इथे व्यक्तीचा दोष नाही, खुर्चीच्या मांडणीचा आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ रोजी सत्येंद्र पांडे प्रकरणात या सैलावलेल्या पद्धतीवर बोट ठेवलं आणि पाच ते पंचवीस हेक्टरच्या खाणींनाही मूल्यांकन अहवाल व जनसुनावणी लागेल असं सांगितलं. त्यानंतर जिल्हा प्राधिकरणं थंडावली आणि अर्ज राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे मुंबईकडे जाऊ लागले. जिल्ह्याने दिलेल्या जुन्या मंजुऱ्या राज्याकडून पुन्हा तपासून घ्या, असं केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये कळवलं. हितसंबंधांची गाठ त्याने सुटली खरी. पण तेल्हाऱ्याच्या नाल्यात पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं हे मुंबईच्या बैठकीत कुणाला कसं कळावं?

सुनावणीत काय होतं

आजचा नियम थोडक्यात असा. पाच हेक्टरपर्यंतची एकटी खदान असेल तर तिला जनसुनावणी लागत नाही. अर्ज, खाणीचा आराखडा आणि व्यवस्थापन योजना यांवर काम भागतं. पण शेजारच्या दोन खदानींच्या हद्दींत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्या एक समूह मानल्या जातात. समूहाचं क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं की पूर्ण मूल्यांकन आणि सुनावणी करावी लागते. त्यामुळे आपल्या धुऱ्यापलीकडे नवी खदान येतेय असं कळलं की पहिलं काम कोर्ट-कचेरीचं नसून मोजपट्टीचं असतं. जुन्या खदानीच्या हद्दीपासून नवीचं अंतर किती? हा आकडा ४९० आहे की ५१०, यावर गावाला बोलायला मिळणार की नाही हे ठरतं.

सुनावणी भरवते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. अमरावतीत त्याचं प्रादेशिक कार्यालय आहे. किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना निघाली पाहिजे, त्यातली एक स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात. अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत वाचायला ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी असतात. कामकाजाचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट नाही, पाच माणसं आली तरी सुनावणी कायदेशीर. शेवटी इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवायचं असतं.

आणि इथे मतदान होत नाही. सभेत नऊशे लोकांनी ‘नको’ म्हटलं म्हणून अर्ज आपोआप नामंजूर होत नाही, हे न कळल्याने कितीतरी गावं एकदा ओरडून घरी गेली आणि नंतर फसवणूक झाल्यासारखी हळहळली. सुनावणीचं काम आक्षेप नोंदवून घेणं. प्रत्येक आक्षेपाला अर्जदाराने लेखी उत्तर द्यायचं आणि तज्ज्ञ समितीने ते तपासायचं. म्हणून ‘आम्हाला खदान नको’ या वाक्यापेक्षा ‘साहेब, हिरीचं पाणी उतरलं तं मंग कोनाले सांगाव? आज किती हात पाणी हाय हे कोन मोजलं?’ हा प्रश्न जड पडतो. त्याला उत्तर द्यावंच लागतं आणि मोजलेलं नसेल तर अहवालातली उणीव इतिवृत्तावर येते.

मोजण्याबद्दल एक खास वऱ्हाडी अडचण आहे. मूल्यांकन अहवाल अर्जदाराच्या पैशाने, मान्यताप्राप्त सल्लागाराकडून तयार होतो. त्यात खदानीभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरातली हवा, पाणी, आवाज, माती यांची आधारभूत मोजमापं असतात. ती एका हंगामाची चालतात आणि तो हंगाम पावसाळ्याचा नसावा असा दंडक आहे. हवेसाठी हे ठीक, कारण पावसात धूळ बसते. पण आपल्याकडचे बहुतेक नाले वाहतात तेच मुळी पावसाळ्यात. जानेवारी ते मार्चमध्ये आलेला सल्लागार कोरड्या नाल्याचा फोटो काढतो, ‘परिसरात बारमाही प्रवाह नाही’ असं लिहितो आणि पाण्यावरचा परिणाम ‘नगण्य’ ठरतो. ते वाक्य खोटं नसतं. खदान नाल्याच्या वरच्या अंगाला असेल तर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात तिची भुकटी कुणाच्या वावरात उतरणार, हे मात्र त्यात कुठेच येत नाही. ते ठाऊक असतं त्या वावरवाल्याला, म्हणून त्याने तारखेसह पावसाळ्यातले फोटो जपून ठेवावेत.

धुळीबद्दल थोडं. आपल्या काळ्या दगडात मुक्त सिलिका ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे ‘खदान आली की गावाला सिलिकोसिस होणार’ हा आक्षेप नुसता तसाच मांडला तर सल्लागार तो दोन ओळींत उडवतो. क्रशरची बारीक धूळ फुप्फुसांना वाईटच, पण आक्षेप नेमका हवा. मोर्शी-वरूडकडच्या बागायतदाराने संत्र्याच्या पानावर धूळ बसून पीक कसं मार खातं हे दाखवावं. शाळा टिप्परच्या वाटेवर असेल तर शाळेची वेळ आणि खेपांची वेळ शेजारी शेजारी लिहावी.

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांची गोष्ट वेगळी. ते अनुसूचित क्षेत्र असल्याने १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. मेळघाटातल्या कोरकू गावाकडे जो कायदेशीर अधिकार आहे तो अचलपूरच्या सधन गावाकडे नाही. तो किती वेळा वापरला जातो, हा भाग निराळा.

खरा निर्णय कुठे होतो

सुनावणीच्या किती तरी आधी एक कागद तयार झालेला असतो आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. त्याचं नाव जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यात कुठल्या नदीत किती रेती आहे, दर वर्षी पुराने किती भरून येते, कुठल्या टेकडीवर दगड काढता येईल आणि कुठे काढू नये, हे त्यात लिहायचं असतं. २०१६ च्या अधिसूचनेने हा अहवाल मंजुरीचा पाया ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या प्रकरणात तो कसा करायचा हेही सांगितलं. उपविभागीय अधिकारी, पाटबंधारे, वन, प्रदूषण नियंत्रण आणि खनिकर्म यांच्या अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहायचं आणि मग अहवाल राज्याच्या तज्ज्ञांनी तपासायचा. जिल्ह्याकडून निसटलेला आढावा या वाटेने पुन्हा जिल्ह्यात आला आहे, पण फारच थोड्यांच्या ते लक्षात आलं.

कारण हा अहवाल कुणी वाचत नाही. बहुतेक जिल्ह्यांच्या अहवालांची सुरुवातीची तीस पानं गॅझेटियरसारखी असतात : हवामान, लोकसंख्या, तीर्थस्थळं. मग तक्ते येतात. एखाद्या घाटावरची रेती ‘भरून येते’ असं तक्त्यात असेल, तर ती मोजून लिहिली की मागच्या अहवालातून उचलली हे विचारायला हवं. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची पातळी मोजल्याशिवाय भरण्याचा आकडा काढताच येत नाही. पूर्णेच्या रेतीला ही कसोटी लावा आणि पायथ्याच्या बझाडा पट्ट्यालाही लावा. त्या पट्ट्यातले गोटे कुठल्याही माणसाच्या हयातीत भरून येणार नाहीत. तिथल्या उत्खननाला ‘नवीकरणीय’ खनिजाचे नियम लावणं हे शास्त्रीय अज्ञान आहे.

सगळं खणणं वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर महामार्गाच्या भरावासाठी माती-मुरूम काढला तो अशा बेताने की खड्ड्यांची तळी झाली आणि शिवाराला पाणी आलं. शेजारच्या बुलढाण्यात नाले-तलावांचा गाळ काढून तो रस्त्यासाठी वापरण्याची पद्धत त्या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली गेली. गावतळ्यातला गाळ काढायला पर्यावरण मंजुरीची अट नाही, तेही योग्यच. पण ही सवलत ताणून केंद्राने मार्च २०२० मध्ये रस्ते-लोहमार्गांसाठी कुठूनही साधी माती काढायला सरसकट सूट दिली. किती माती, किती खोल, कुठून, याचा त्यात पत्ता नव्हता. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट मनमानी म्हणून रद्द केली. विद्यापीठातल्या खड्ड्याचं तळं झालं कारण खणण्याआधी कुणीतरी उतार पाहिला होता.

खदान संपल्यावरचा प्रश्न तर आपल्या आढाव्यात शेवटच्या पानावर येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९७५ मध्येच कायदा केला : खडीची खाण सुरू करण्याआधी जागा पूर्ववत करण्याचा आराखडा स्थानिक प्रशासनाकडून मंजूर करून घ्यायचा. त्याला लागणाऱ्या पैशाची हमी आधी द्यायची अट त्यात पुढे जोडली गेली. ती रक्कम दर वर्षी पुन्हा तपासली जाते. आपल्या मंजुरीपत्रांतही कुंपण, झाडं, सुरक्षित उतार अशा अटी असतात. मालक बदलला, पट्टा संपला, कंपनी दुसऱ्या रस्त्याच्या कामावर गेली, की त्या अटी कुणाच्या दारात नेऊन टाकायच्या? सुनावणीत विचारण्यासारखा हा दुसरा प्रश्न : खड्डा बुजवायचा पैसा आज कुठल्या खात्यात आहे?

रात्रीच्या रेतीचोरीवर या सगळ्या आढाव्याचा काही इलाज नाही, हेही खरं. मंजुरीच न मागणाऱ्याला मंजुरीची अट अडवत नाही. त्याला तलाठी, तहसीलदार आणि पोलीसच लागतात. १० जून ते ३० सप्टेंबर नदीपात्रातून रेती काढायला बंदी असते. त्या काळात रेतीने भरलेला ट्रॅक्टर नदीतून वर येताना दिसला तर तर्क करायची गरज उरत नाही.

ज्यांच्या शिवाराजवळ खदान येऊ घातली आहे त्यांच्यासाठी शेवटी कामाच्या तीन मुदती. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस ठेवावा लागतो आणि त्यावर कुणालाही हरकत घेता येते. अहवाल दर पाच वर्षांनी नवा होतो. मंजुरी मिळालेल्या खदानवाल्याने अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, तो माहिती अधिकारात मागा. मंजुरीच मान्य नसेल तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, त्यानंतर दार बंद होतं.